मुंढ्याचा परवाना

कीबोर्डच्या फटीत अडकलेली खडूची कपची तिने नखाने उकरली — शिंप्याचा चपटा निळा खडू, कितीही झटका, कुठे ना कुठे राहतोच... आणि पडद्यावर ते पत्र तसंच उघडं. दूरच्या कुठल्याशा शिवणशाळेतल्या बाईंचं. तुमचा प्रोग्राम डाउनलोड केला, मापं घातली की बाही जोडायचा मुंढा असा काही आखून मिळतो की नाव ठेवायला जागा नाही. पण सोबत परवाना नाही, तेव्हा मुलींना वाटता येत नाही, कृपया कळवावे.

परवाना नाही म्हणजे सगळ्यांना मोकळं, अशी तिची भाबडी समजूत. निघालं उलटंच — काही लिहिलं नाही, तर सगळे हक्क तिच्याचकडे, कुलूपबंद. आणि प्रोग्राम फुकट नेटवर टाकून ही आपली इतके दिवस दानशूराच्या तोऱ्यात! हसू आलं तिला. पण ऊरही भरून आला, का येऊ नये? इतक्या लांबच्या बाईंना तिचा मुंढा हवा होता.

"फुकट वापरू दे," दादा इस्त्री करता करता म्हणाला, "पण आतला कोड उघडू नकोस. बाबांनी मुंढ्याचं वळण बाहेर कुणाला दाखवलं होतं का?"

नव्हतंच दाखवलं. कपडा बेतून झाला की बाबा खाकी कागदाचे नमुने स्वतःच्या हाताने कातरून टाकायचे... दादाला शेजारी बसवायचे, हिला कोपऱ्यात काजं करायला. काजं करता करता ती चोरून बघायची, त्यांचं मनगट नेमकं कुठे वळतं — आणि दादाच्या हाताला कधी न सापडलेलं ते वळण तिने, हो तिनेच, आकड्यांत पकडलं.

"मला तरी कुठे दाखवलं?" ती म्हणाली.

तिने पडद्यावर तयार परवान्यांची यादी उघडली. वापरा, पण बदलू नका. बदला, माझं नाव तेवढं राहू द्या. किंवा बदला, नाव ठेवा, आणि तुमचा बदलही असाच सगळ्यांसाठी उघडा ठेवा... तिसऱ्यावर बाण थांबला. म्हणजे उद्या कुणी पोर म्हणणार, हे वळण सूतभर चुकलंय, आणि सरळ दुरुस्त करणार. बाबांचा मुंढा! जीव चरकला तिचा — आणि तोच जीव उतावीळही झाला, की कधी एकदा बघते.

"सुधारून तर दाखव," ती पुटपुटली, आणि स्वतःचा आवाज ऐकून चपापली. ती ऐट बाबांची होती.