ग्रुप सोडलेली माणसं

तुम्ही खोटं छापलंत, कार्यकारिणीवाल्यांनो. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात, फराळाच्या आणि घरकर्जाच्या जाहिरातींच्या मधोमध, चार ओळींत लिहिलंत की साहसाची आवड असलेले कै. बळवंत सोनकांबळे सहलीत स्वेच्छेने समूहापासून वेगळे झाले आणि त्यांना अपघाती मृत्यू आला.

माझ्या नवऱ्याला साहसाची आवड नव्हती. इथे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नच्या आमच्या घरातला जिना शिडीसारखा उभा. त्याच्यावरचा बल्ब बदलायचा तर बळवंत शेजारच्या डच म्हाताऱ्याची शिडी आणायचा आणि ती धरायला मला उभं करायचा. दोन्ही हातांनी धर म्हणायचा. असा माणूस कड्यावर का चढला, हे तुम्हाला लिहिता आलं नाही. आणि त्याच्या नावामागे 'कै.' कशाला लावलंत? आम्ही बौद्ध. कैलासाशी आमचा काय संबंध? ठाऊक नव्हतं म्हणू नका. ठाऊक होतं म्हणून तर हे सगळं झालं.

मी समता. हे नाव ऐकलं की तुमच्यातले अर्धे लोक गप्प होतात, उरलेले आडनाव विचारतात. मी बळवंतच्या व्हिसावर या देशात आले, आता फुलांच्या गोदामात पॅकिंगला जाते. तो बँकेत डेटाचं काम करायचा. मंडळात यायचं त्याच्याच मनात होतं, कीर्तीसाठी. आमची मुलगी नऊ वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये. चार मराठी पोरांत खेळली तर बोलेल, असं त्याला वाटायचं. म्हणून इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या सहलीला आम्ही नाव दिलं.

तिसऱ्या संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर सगळे एकत्र जेवत होतो. टिलबर्गचा विवेक भारतातल्या पुतण्याच्या ॲडमिशनचं रडगाणं गात होता. ते झाल्यावर तो बळवंतकडे वळला.

"इथं एक बरं आहे बघा, इथं मार्क बघतात, आडनाव बघत नाहीत. काय बळवंतराव, तुम्हाला तर दोन्हीकडचा अनुभव."

हसले सगळे. काही ताटात बघून हसले, पण हसले. बळवंतने चमचा खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणाला, "मी सरकारी कॉलेजातून फर्स्ट क्लासने पास झालो. तुमच्या वडिलांनी डोनेशन किती भरलं होतं, विवेकराव?"

मग मात्र कोणी हसलं नाही. तुमचे सेक्रेटरी सुदर्शन मध्ये पडले आणि जेवताना राजकारण नको म्हणाले. विवेक बोलत होता तेव्हा ते राजकारण नव्हतं. बळवंत बोलला आणि झालं. खोलीवर आलो तर सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेरिटवरचा एक जोक येऊन पडला होता, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. बळवंतने ग्रुप सोडला. मीही सोडला. अजूनही मला त्यात काही चूक वाटत नाही.

सकाळी मी म्हटलं, आज बोटीने जायला नको, आपण तिघं गावात फिरू. तो म्हणाला, पैसे भरलेत, पोरगी तीन दिवस त्या बोटीची वाट बघतेय, आणि समुद्र काय यांनी बांधलाय का? आम्ही गेलो.

तो किनारा तुम्ही पाहिलाय, पण ज्यांनी नाही पाहिला त्यांच्यासाठी सांगते. तिथे रस्ता जात नाही. मागे सरळ उभा डोंगर, पुढे पाणी, मधे पांढऱ्या गोट्यांची एक पट्टी. बोट नाक टेकवते, फळी टाकते, माणसं उतरवते आणि जाते. दुकान नाही, छत्री नाही, संडास नाही, फोनला रेंज नाही. पहिल्याच दिवशी सुदर्शननी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं की परतीची बोट पाच वाजता. आम्ही पाच धरून चाललो होतो. त्या सकाळी बोटवाल्याने कळवलं होतं की दुपारनंतर वारा उठणार, बोट दोनलाच सुटेल. ते सुदर्शननी ग्रुपवर टाकलं. तोंडाने कोणी सांगितलं नाही. बोटीत तुमच्यातल्या सुचित्राचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता, अर्धा तास. तिने माझ्याकडे सनस्क्रीन मागितलं. वेळेचं नाही बोलली.

उतरल्यावर तुम्ही सावलीत सतरंज्या टाकल्यात. आम्ही टोकाच्या खडकापलीकडे गेलो, तिथून बाकीचा किनारा दिसत नव्हता. तिथे एवढीशी जागा होती, गुहेसारखी कपार, आणि पाणी इतकं नितळ की आपल्या पायाची सावली तळावर दिसावी. बळवंतला पोहता यायचं नाही, तो कमरेइतक्या पाण्यात बसून राहिला. कीर्तीने त्याच्या टकलावर ओले गोटे ठेवले. तो न हलता बसला, एकही पडू दिला नाही. त्या दिवशी तो कालचं काहीच बोलला नाही. चार-पाच तास मी त्याला असा मोकळा पाहिला, जसा तो तुमच्या कुठल्या कार्यक्रमात कधी दिसला नाही.

साडेचारला आवरून खडक ओलांडला. किनारा रिकामा. संत्र्याची सालं, चिवड्याची फाटकी पिशवी, सतरंज्या दाबायला ठेवलेले दगड. एवढंच.

बळवंत म्हणाला, लवकर गेले असतील, हॉटेलवर माणसं मोजतील, बोट परत पाठवतील. मोजतील की, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. वारा चढला. लाटा एकेक करून पट्टी खायला लागल्या. आधी संत्र्याची सालं गेली, मग ते दगड. आम्ही डोंगराच्या पायाशी सरकलो. आमच्याकडचं पाणी संपलं होतं. कीर्ती "इक हेब डॉर्स्ट, इक हेब डॉर्स्ट", तहान लागली, तहान लागली, करत होती. घसा कोरडा पडला तसं तेही थांबलं. ते जास्त वाईट होतं.

लाट बुटांपर्यंत आली तेव्हा बळवंतने वर बघितलं. वर गेलं तर रेंज येईल, म्हणाला. मी म्हटलं, मी जाते. तो म्हणाला, तू वर गेलीस आणि लाट आली तर मला पोहता येत नाही, मी कीर्तीला कसा वाचवू? खरं होतं. पोहायला मला येतं. म्हणून तो गेला. चढायच्या आधी एवढंच बोलला, "तू खालून बघत राहा, म्हणजे धरल्यासारखं वाटेल."

मी बघत राहिले. चारही हातापायांवर चढला. एका झुडपापाशी बराच वेळ थांबला, मला वाटलं आता उतरेल, पण वर गेला. वरून हात हलवला, फोन कानाला लावलेला. ११२ ला फोन लागला होता. ते हेलिकॉप्टर आलं ते त्याच्या फोनमुळे आलं, तुमच्यामुळे नाही. तुम्ही तोवर आंघोळी उरकून गच्चीवर बसला होता.

त्याने वरच थांबायला हवं होतं. पण आम्ही खाली होतो ना, तो उतरायला लागला. आधी दगड आले, मग तो. ओरडला नाही. मी कीर्तीचं तोंड पोटाशी दाबून धरलं, इतकं की तिच्या दाताचा वण माझ्या पोटावर उठला. उजेड होता तोवर हेलिकॉप्टरमधले लोक दोर सोडून आले. आधी कीर्तीला नेलं, मग मला. बळवंतला सगळ्यात शेवटी.

इथे परत आल्यावर तुमचे अध्यक्ष घरी आले, बरोबर सुदर्शन. बूट दारात काढले, पाणी नको म्हणाले. अध्यक्षांनी हळू आवाजात, अगदी समजुतीने मला सांगितलं, "ताई, तुम्ही ग्रुप सोडला होता हो. मेसेज पोचणार कसा?"

मी त्यांना विचारलं की फोनवरचा ग्रुप सोडला म्हणजे आम्ही बोटही सोडली का? आमच्या तीन जागांचे पैसे तुमच्याकडे होते, त्या जागा परतताना रिकाम्या होत्या, त्यावर कोणी पिशव्या ठेवल्या? सुदर्शन म्हणाले, गडबड होती, लाटा होत्या, लक्षात नाही आलं. मी ते खरं मानलं. चाळीस माणसांच्या गोंधळात तीन राहून जातात. मूर्खपणा म्हणून मी ते गिळायला तयार होते. तिकडच्या पोलिसांनीही अपघात म्हणून प्रकरण मिटवलं होतं.

मग मागच्या आठवड्यात सुचित्रा आली. एकटी, सायकलवर, पावसात भिजून. डबा ओट्यावर ठेवला आणि ओट्याकडेच बघत बोलली. बोटीत बसल्यावर तिने विचारलं होतं, कीर्ती कुठाय? कोणीतरी उत्तर दिलं, "ते ग्रुपमध्ये नाहीत ना, त्यांचं ते बघतील." त्यावर हशा झाला. बोटवाल्याने इंजिन चालू करण्याआधी मागे वळून खुणेने विचारलं, सगळे आले का? आणि आपल्यातल्या एकाने अंगठा वर केला. "ऑल, ऑल" म्हणाला. बोट सुटली.

म्हणजे लक्षात आलं होतं. नाव घेऊन विचारलं होतं.

कोण होता, मी विचारलं. सुचित्रा ओल्या बाह्या पिळत राहिली. मी पुन्हा विचारलं.

"समता, मला या लोकांतच राहायचंय गं," ती म्हणाली आणि रडली. मी तिला टॉवेल दिला. यापेक्षा जास्त काही माझ्याने झालं नाही.

तर आता मला तुमची श्रद्धांजली नको. जानेवारीच्या हळदीकुंकवात बळवंतचा फोटो ठेवायचा म्हणताय, तो ठेवू नका. मला मदतनिधी नको, पुढच्या अंकात दिलगिरी नको. त्या बोटीत चाळीस जण होते आणि बोट काही जहाज नव्हती, सगळ्यांनी सगळं ऐकलं. तुम्ही एकत्र जेवता, एकमेकांच्या पोरांचे वाढदिवस करता, त्या माणसाच्या शेजारी बसता. मी त्या हळदीकुंकवाच्या दाराशी उभी राहून एकेकाला विचारणार आहे, आणि कीर्ती माझ्याबरोबर असेल, तिच्यासमोर सांगायचं.

बोटवाल्याला अंगठा कोणी दाखवला? नाव सांगा.