बोटाने दाखवलेलं अकोलं

आमच्या यांनी मला आजवर जी शहरं दाखवली, ती सगळी बोटाने दाखवली.

यांचं नाव सूर्यभान. तोंडाने घेत नाही, पण कागदावर लिहायला काय हरकत? माणूस सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात, शेतात मान मोडून राबणारा. पण गावाला जायचं निघालं की याच माणसाच्या अंगात येतं. मोटार जाईल, गाडी चुकेल, ऊठ, अजून लुगडंच नेसून राहिली का! कोंबडं आरवायच्या आत आम्ही सडकेवर उभे, आणि मोटार येते ती ऊन चांगलं वर आल्यावर.

दोष यांच्या एकट्याचा नाही. माझे सासरे नत्थुजी यांनी घराला वळणच घालून दिलं होतं, की स्टेशनावर इतक्या आधी पोचायचं की तिथे स्वयंपाक होऊन जेवणं उरकली पाहिजेत. हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हे. मामाजींनी, म्हणजे याच सासऱ्यांनी, बडनेऱ्याला स्टेशनाबाहेर लिंबाखाली गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, जेवून एक झोप काढली आणि मग गाडीत बसले. ही हकीकत आमच्या घरी पराक्रमासारखी सांगतात. "आमच्या खानदानात कोणाचीच गाडी चुकली नाही," असं हे छाती फुगवून म्हणतात. चुकणार कशी? स्टेशनावर बिऱ्हाडच मांडलं तर गाडीची काय बिशाद आहे!

आणि मला नेमकी गावं पाहायची हौस. माहेरी शाळेच्या भिंतीवर वऱ्हाडाचा नकाशा होता. त्यात अमरावती, अकोला सगळी टिंबाएवढी. त्या टिंबात काय काय असेल, याचं मला भारी वेड. लग्न झालं आणि नणंद मैनाबाई वाशीमला दिली आहे हे कळलं, तेव्हा मला मनातून आनंद झाला. परतवाड्याजवळच्या आमच्या खेड्यातून वाशीमला जायचं म्हणजे मोटारीने अमरावती, तिथून रेल्वेने बडनेरा, मग अकोला. एका प्रवासात केवढी शहरं! अचलपूरहून मूर्तिजापूरला छोटी गाडी जाते, ती जवळ पडते. पण ती सावकाश चालते म्हणून यांचा तिच्यावर भरवसा नाही. म्हटलं, बरंच झालं, अमरावती पाहायला मिळेल.

मिळाली की! मोटारीतून उतरलो, बडनेऱ्याच्या गाडीला पुष्कळ अवकाश होता. मी म्हटलं, "अंबादेवीले जाऊन येऊ का?"

"थे तिकडं हाय." यांनी बोट केलं. "अथूनच हात जोड. देवीले दिसते समदं."

मी पानाच्या दुकानाला हात जोडले, कारण बोटाच्या रेषेत तेच होतं. पुढच्या खेपेला बोटाच्या रेषेत मालमोटार उभी होती, म्हणून परकोटाचा तट आणि जवाहर गेट मी तिच्या पाठीवरच पाहिलं.

अकोल्याला गाडी बदलायची. मोठ्या गाडीतून दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं आणि वाशीमची गाडी मिळेपर्यंत दुपार कलते. तेवढा वेळ हे ट्रंकेवर बसतात. बाकावर नाही, बाकावर माणूस पेंगतो म्हणे. मी वळकटीवर. फलाटाबाहेर टांगेवाले ओरडत असतात, कापसाच्या बैलबंड्या जात असतात, कुठून तरी जिलबीचा वास येतो. आणि मी वळकटीवर! "तथी नदी, तथी किल्ला, इकडं कापसाचा बजार," असं यांनी पहिल्याच खेपेला बोट फिरवून सांगून टाकलं होतं. मी डोळे ताणताणून पाहिलं. मला मालगोदामाची भिंत दिसली.

वाशीमला मैनाबाईची शेजारीण जयवंता दरसाल विचारायची, "अकोल्याचा किल्ला पाह्यला का वं? वरून समदं शहर दिसते." मी तोंड उघडायच्या आत ओसरीवरून यांचा आवाज, "पाह्यला ना! दर खेपेस पायतो आमी." तेव्हा वाटायचं, ती वळकटी उचलून यांच्या डोक्यात घालावी.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात मैनाबाईचा निरोप आला. आमचे नंदोई आडतीच्या दुकानात दिवाणजी. मालकाने त्यांना धामणगावच्या दुकानावर पाठवायचं ठरवलं होतं. बिऱ्हाड हलवायचं आहे, मदतीला या. ऐकलं आणि मी तो शाळेतला नकाशा आठवला. धामणगाव बडनेऱ्याहून उलट्या दिशेला. म्हणजे अकोल्याची ही शेवटची खेप. येताना तर नंदोयांचं सगळं सामान घेऊन मालमोटारीतून यायचं होतं. पुन्हा मला अकोल्याला कोण नेतंय? शहर पाहायचं म्हणून कुठली बाई घरातून निघते?

अकोल्याला उतरलो. यांनी ट्रंक ठेवली, वर बसले, तिकिटं बंडीच्या खिशात आहेत का चाचपून पाहिलं. मी बसले नाही.

"मी किल्ला पाहून येतो," मी म्हटलं.

"थे तिकडं..." यांचं बोट वर होतंच.

"बोट खाली करा. मी पायानं जातो."

यांनी बोट खाली केलं. मग चिडले. "गाडी आली तं मी थांबाचा नाही हं कौशल्या! एकटा जाईन वाशीमले. तिकिटं माह्यापाशी हायेत, समजून घे."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघाले. स्टेशनाबाहेर पडले तेव्हा इतकी खूश होते की टांगेवाल्याला उगीचच हसले. रस्ता विचारत पायी निघाले. पण शंभरेक पावलं गेले असेन, मनात आलं, किती वाजले असतील? एका शिंप्याला विचारलं. त्याने सांगितलं, भरपूर वेळ होता. पुढे बांगडीवाल्याला विचारलं. मग सोड्याच्या दुकानात. दुकानात काय मांडलंय, माणसं कशी आहेत, घरं कशी आहेत, काही म्हणून मी पाहिलं नाही. प्रत्येक दुकानात मी फक्त घड्याळ शोधत होते. मोर्णा नदीच्या पुलावर पोचले. पलीकडे किल्ल्याचा बुरूज समोर दिसत होता. दगडांतून उगवलेलं गवतसुद्धा दिसत होतं. आणि तिथे, पुलाच्या मधोमध, माझ्या पायांनी पुढे जायला नकार दिला. गाडी आधीच आली असेल तर? हे खरंच निघून गेले तर? मी मागे वळले ती जवळजवळ धावतच स्टेशनावर आले.

फलाटावर गाडी तर नव्हतीच, तिच्यासाठी येणारी माणसंसुद्धा अजून आली नव्हती. ट्रंकेवर हे एकटेच बसलेले. मला पाहिलं आणि यांचा चेहरा असा फुलला की लग्नातही फुलला नसेल.

"आली? पाह्यला किल्ला?"

"पुलापर्यंत गेली अन् वापस आली."

"काऊन?"

"गाडी चुकन म्हणून."

हे हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. हे उठले, मला बसायला ट्रंकेवर जागा केली, शिदोरी सोडून भाकरीवर ठेचा घालून माझ्या हातात दिली. आणि अगदी मायेने म्हणाले, "आज तू खरी नत्थुजीच्या घरची सून झाली. बाबा असते तं किती खूश झाले असते! आता मले तुही काही फिकीर नाही."

मी भाकरीचा एक तुकडा मोडला. तो तोंडात फिरेना. इतक्या वर्षांत या माणसाने मला असं कधी वाखाणलं नव्हतं. ना पहिल्या पोराच्या वेळी, ना मामाजींचं दुखणं काढलं तेव्हा. आणि वाखाणलं कशासाठी, तर पुलावरून परत आले म्हणून! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. यांच्यावर आला, मामाजींच्या त्या रोडग्यांवर आला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या पायांवर आला. म्हणजे आता बोट करायलाही यांची गरज उरली नव्हती. मीच मला वळकटीवर बसवून ठेवणार होते, मरेपर्यंत.

मी भाकरी परत फडक्यात ठेवली आणि उठले.

"आता कुठं?"

"किल्ल्यावर."

"आता? अवं, आता तं खरंच टेम होत आला! गाडी..."

"जाऊ द्या तिले."

"मी थांबाचा नाही, पाह्य बरं!"

"नका थांबू. मैनाबाईले सांगा, वयनी किल्ल्यावर हाय."

यांनी मागून दोन हाका मारल्या. मी वळले नाही, कारण वळले असते तर परत गेले असते. या वेळी कोणाला वेळ विचारली नाही. बांगडीवाल्याच्या दुकानासमोर मुद्दाम उभी राहिले आणि हिरव्या, लाल, सगळ्या बांगड्या पाहिल्या. पुलावर पोचले तेव्हा छाती धडधडत होती. म्हटलं, धडधडू दे. पूल ओलांडला, किल्ल्याच्या दारातून आत गेले.

अर्ध्या चढावर असताना स्टेशनाकडून शिट्टी आली. चांगली लांब. खोटं कशाला बोलू, माझं एक पाऊल आपोआप खालच्या पायरीवर गेलं. बुरुजाच्या दगडाला हात टेकून मी तशीच उभी राहिले. शिट्टी पुन्हा झाली. मग मी ते पाऊल उचललं आणि वर चढले.

जयवंता म्हणत होती ते खरं होतं. वरून सगळं शहर दिसतं. नदी, पूल, कवेलूंच्या छपरांची घरं, सरकी काढणाऱ्या जिनांची धुराडी, कापसाने पांढरे पडलेले रस्ते. लांबवर रुळांवरून गाडीचा धूर सरकत चालला होता. हे त्या गाडीत होते की ट्रंकेवर, ते तिथून दिसत नव्हतं. मी पदर खोचला आणि नदीच्या या काठापासून सुरुवात करून एकेक वस्ती नीट पाहून घेतली.