कप्तानाचा मोकळा आवाज

मुलानं नाक जरा बारीक केलं, मग पुन्हा जाड केलं. टीव्हीवरचा अंतराळवीर निमूटपणे करवून घेत होता. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यानं जांभई दिली.

"अजून नाकच चाललंय?"

"खेळात आधी आपला माणूस घडवायचा असतो, बाबा. मग गोष्ट सुरू होते."

"तुला घडवताना आम्ही एवढा वेळ नव्हता घेतला."

सून खुदकन हसली. हा सगळा घाट तिचाच. सासऱ्यांचा जन्म डबिंगमध्ये गेला होता. राक्षस, न्यायाधीश, बोलकी अस्वलं, सगळ्यांना त्यांचाच गळा. या नव्या खेळातल्या यानाचा कप्तानही तेच. खेळ बाजारात येताच तिनं तो आणला आणि सुट्टीच्या दुपारी बापलेकांना एका सोफ्यावर आणून बसवलं. सासूबाई गेल्यापासून दोघं फक्त गॅस, औषधं आणि हवापाण्यावर बोलत.

आई गेली त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मुलगा एकटाच होता. त्यानं बापाला फोनवर फोन लावले. फोन बंद. म्हातारा पोचला तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढून झाली होती. "कामावर होतो," एवढंच तो म्हणाला, आणि पुढे त्या विषयावर कधी ब्र काढला नाही. मुलाला बापाकडून एक वाक्य हवं होतं. इतकं होऊनही ते हवंच आहे, याचा त्याला स्वतःचाच राग येई.

खेळ सुरू झाला. काळंकुट्ट आभाळ, गंजकं यान, न संपणारे बोळ. म्हाताऱ्याची मतं लगेच सुरू झाली.

"विजेचं बिल भरलेलं दिसत नाही यांनी. आणि हा असा का चालतो? पायात गोळा आलाय का?"

"दार उघडायला किल्ली शोधायचीय."

"मग कुठाय किल्ली?"

"दुसऱ्या ग्रहावर."

"कपाळ माझं!"

मुलाला हसू आवरलं नाही. सुनेनं चहाचे कप ठेवले, दोघांकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि ती हलकेच आत गेली.

मग कप्तान आला. पांढरी दाढी, कपाळावर जुना वण. नायकाची वस्ती जळत होती तेव्हा कप्तानाचं यान मदतीला आलंच नव्हतं. म्हातारा सरसावून बसला.

"माझं चुकलं, पोरा," कप्तान म्हणाला. "त्या दिवशी मी यायला हवं होतं. तू एकटा होतास."

मुलाचे अंगठे जागच्या जागी थांबले. लहानपणी तापात उशाशी बसून गोष्टी सांगणारा तोच आवाज होता. तोंडावर जमलं नाही म्हणून बाबांनी हे इथे बोलून ठेवलं असेल, असं त्याला वाटून गेलं. त्यानं खेळ तिथेच थांबवला.

"बाबा, हे म्हणताना तुमच्या मनात काय होतं?"

"मनात काय असणार? स्टुडिओत गोष्ट कुणी सांगत नाही. समोर कोण आहे, तो काय म्हणतो, काही नाही. एकेक वाक्य पुढे करतात. तीनदा म्हणायचं, की पुढचं." म्हातारा खुशीत होता. "पण हे झकास उतरलंय. आवाज बघ कसा मोकळा लागलाय! उरलेलं काम नंतर केलं, त्यात सगळी घरघर आली."

"नंतर म्हणजे?"

म्हातारा बोलून तर गेला होता.

"म्हणजे... मध्ये तुझी आई गेली ना."

"मग हे कधीचं?"

"त्याच दिवशीचं." म्हाताऱ्यानं धोतराचा नसलेला सोगा सावरावा तसा शर्टाचा काठ ओढला. "फोन बाहेर ठेवायला लावतात. रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज जातो म्हणून."

मुलानं खेळ पुन्हा चालू केला आणि कंट्रोलर बापाच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर कप्तानाला द्यायची उत्तरं आली होती: माफ केलं. आता काय उपयोग? गप्प राहा. खाली वेळेची पट्टी आक्रसत होती.

"तुम्हीच निवडा."

म्हाताऱ्यानं कंट्रोलर उलटा धरला, सुलटा केला. कुठलंच बटण दाबलं नाही. पट्टी संपली. कुणी काही बोललं नाही, असं खेळानं धरलं.

"बरं. नको बोलूस," कप्तान म्हणाला. "मी इथेच थांबतो."

आवाज घोगरा होता, शेवटाला फाटलेला. वाक्य जेमतेम पूर्ण झालं होतं.

"हे एकदाच घेतलं," म्हातारा पडद्याकडे बघत म्हणाला. "दुसऱ्यांदा म्हणवेना."

मुलगा त्याच्याकडे वळला. आता ते वाक्य येईल म्हणून वाट बघत राहिला. म्हाताऱ्याचे ओठ हलले. मग त्यानं वाकून कप उचलला आणि एक घोट घेतला.

"निवला पार," तो म्हणाला.