तीस दिवसांची नोटीस

कांचनने रागिणीला कडेवरून खाली उतरवलं, टाचा उंचावल्या आणि नोटीसबोर्डावरचा सायकलींच्या लिलावाचा कागद हळूच वर उचलला. त्याच्या खाली त्यांची नोटीस होती. मुरलीधर वाघचौरे आणि कांचन विश्राम लेले हे विवाह करू इच्छितात. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत कळवावी. आज बाविसावा दिवस होता.

परवापर्यंत नोटीस उघडी होती. गेले तीन आठवडे कांचन एक दिवसाआड बसने सेक्टर सतराच्या या कचेरीत येत होती. घरून निघताना भाजीची पिशवी घ्यायची, व्हरांड्यातल्या खांबाशी उभं राहायचं आणि बोर्डापुढे कोण थांबतं ते पाहायचं. कुणी थांबलं की तो कुठला कागद वाचतोय ते मान वाकडी करून बघायचं. माणूस पुढे सरकला की मात्र उगाच हसू यायचं, आणि मग सगळ्या मंडईभर ती भाव न करताच भाजी घेत सुटायची.

"सुनिए," तिने खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, "नोटीस पे कोई दूसरा कागज़ लग जाए, तो?"

"किसी ने देखी ही नहीं, तो नोटीस काहे की, बीबीजी? साहब सख़्त हैं. फिर से तीस दिन."

कांचन धावतच बोर्डापाशी परतली आणि लिलावाचा कागद ओढून काढला. तो टाचणीने लावलेला नव्हता. तिच्या तळहातावर केसांत खोचायचा एक काळा आकडा पडला. त्याच्या टोकाला लाखेचा लाल मणी होता.

असे आकडे चंदीगडात मिळत नाहीत. शेजारच्या क्वार्टरमधल्या रत्नावहिनी ते कोल्हापूरहून मागवतात. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांची यादी करणाऱ्या, कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून ओळखणाऱ्या रत्नावहिनी.

म्हणजे त्यांनी वाचलं होतं.

कांचनने आकडा पर्समध्ये टाकला. तिची नोटीस आता पुन्हा सगळ्या जगापुढे उघडी होती. तिने कागदाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला आणि रागिणीला उचललं.

तसं पाहिलं तर यात लपवण्यासारखं कुणी काही केलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी पुण्यात त्यांनी अशीच नोटीस दिली होती. जातीवरून दोन्ही घरं रुसलेली, त्यामुळे वऱ्हाडाचा प्रश्न नव्हता. पण तीस दिवस भरायच्या आत मुरलीधरच्या बदलीचा हुकूम आला. पहिल्या तारखेला हजर झाला नाही, तर क्वार्टर दुसऱ्याला जाणार होतं. तिकडे जाऊन करू, असं ठरलं. इथे ट्रंका उतरवत होते तोच रत्नावहिनी नारळ घेऊन दारात उभ्या. "या गं या! नवं जोडपं आलं, माझी आळी भरली!" त्यानंतर कुठल्या तोंडाने भिंतीवर नोटीस लावायची? उद्या करू, पुढच्या महिन्यात करू, असं करता करता रागिणी झाली.

अडत होतं फक्त फेब्रुवारीत. ऑफिसातून इन्कमटॅक्सचा फॉर्म यायचा. त्यात अवलंबून असलेल्यांची नावं लिहायची, पत्नीच्या नावावर विम्याची पॉलिसी असली तर तिच्या हप्त्यावर सूट मागायची. पॉलिसी होती, हप्तेही मुरलीधर नेमाने भरत होता. पण पत्नीच्या रकान्यात तो दर वर्षी आडवी रेघ मारायचा.

"सरकारला खोटं नाही लिहून देणार," तो म्हणायचा.

हक्काची सूट सोडतो म्हणून ऑफिसात त्याला लोक साधू म्हणून चिडवत. कांचनला त्या सवलतीच्या रुपयांचं काहीच नव्हतं. पण मागच्या वर्षी खाली मुलीच्या रकान्यात 'कु. रागिणी' आणि वर ती रेघ पाहिली, तेव्हा बी.ए. झालेली ती बाई मोरीत जाऊन तोंड धुऊन आली होती. यंदा फॉर्म यायच्या आधीच तिने मुरलीधरला हाताला धरून कचेरीत नेलं. फॉर्मची शेवटची तारीख अठ्ठावीस. नोटिशीचे दिवस भरत होते पंचवीसला. पुन्हा तीस दिवस लागले असते, तर पुन्हा रेघ.

संध्याकाळी रत्नावहिनी वाटी घेऊन विरजणाला आल्या.

"काय गं, हल्ली सारखी सतराला जातेस. नवऱ्याला सांगून जातेस ना, का कुणी सरदारजी गाठलायस?"

"भाजी स्वस्त मिळते तिथे."

"हो, आणि बसचं तिकीट फुकट!"

कांचन त्यांच्या अंबाड्याकडे पाहत राहिली. चार आकडे होते. पाचव्याची जागा रिकामी. वहिनींनी वाटी घेतली, रागिणीच्या गालाला हात लावला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या सुमित्राबाई बाजारात भेटल्या, नेहमीसारख्या गॅसच्या नंबरावर बोलल्या. चार दिवस गेले, आठ गेले. कुठे काही कुजबुज नाही.

सव्वीसच्या सकाळी कांचनने मोरपिशी साडी नेसून पाहिली, सोडली आणि पुन्हा तीच नेसली. मुरलीधरने दाढी करताना दोनदा कापून घेतलं.

"हसू नकोस," तो म्हणाला. "पहिलंच लग्न आहे माझं."

साक्षीदार तीन लागत. अकाउंट्सच्या शर्माजींना मुरलीधरने विश्वासात घेतलं होतं. फॉर्म शेवटी त्यांच्याच टेबलावर जायचा होता. ते आपल्या मेहुण्याला आणि बर्फीच्या डब्याला घेऊन आले. तिसरा म्हणून बाहेरच्या टायपिस्टला धरायचं ठरलं होतं. मुरलीधर त्याला हाक मारायला वळला, तर दारात रत्नावहिनी. इरकली साडी, हातात मोगऱ्याची वेणी.

"टायपिस्ट कशाला? मी मेले नाही अजून."

कांचन अर्धवट उठली. वहिनींनीच येऊन तिच्या केसांत वेणी माळली आणि कानाशी म्हणाल्या, "रेशनकार्डाच्या कामाला आले होते, तेव्हा वाचलं. वाटलं, येणाराजाणारा बघेल, चर्चा करेल. म्हणून झाकलं बाई. परवा त्या कारकुनाने सांगितलं, झाकलं तर नोटीस बाद होते म्हणून. तशी बोर्डापाशी धावले, तर वरचा कागदच नाही."

"मी काढला तो कागद. दिसला त्याच दिवशी."

"वाटलंच मला. डोळे मांजरीचे आहेत तुझे."

साहेबांनी शपथ वाचली, दोघांनी म्हटली, सह्या झाल्या. रागिणीने मध्येच "पापा, बर्फी!" म्हणून आरोळी ठोकली, तसे साहेबही हसले. मग साक्षीदारांची पाळी आली. वहिनी रजिस्टरावर सावकाश अक्षरात लिहू लागल्या. पिता किंवा पती, असा रकाना होता. कांचन शेजारीच उभी होती. तिला दिसलं : कृष्णाजी साळवी.

"बहनजी, शादीशुदा हैं तो पति का नाम लिखिए," कारकून म्हणाला.

"पिता का ही लिखूँगी," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "यहाँ झूठ नहीं लिखना है ना?"

कारकुनाने खांदे उडवले. मुरलीधर शर्माजींशी बोलत होता. कांचनने मात्र ते नाव पुन्हा एकदा वाचलं. सगळी आळी वहिनींना मिसेस मुजुमदार म्हणते. गजाननराव मुजुमदारांबरोबर त्यांनी वीस वर्षं संसार केला होता. मागच्या वर्षी गावाहून तार आली, गजाननराव एकटेच गेले आणि तेरावं करून परतले. नात्यातली बाई गेली, एवढंच वहिनी म्हणाल्या होत्या आणि महिनाभर त्यांनी गोड खाल्लं नव्हतं. ती बाई कोण, ते कांचनला आता कळलं.

बाहेर पायऱ्यांवर मुरलीधरने खिशातून फॉर्म काढला आणि पेन कांचनपुढे धरलं.

"तूच लिही."

तिने गुडघ्यावर पर्स, पर्सवर फॉर्म ठेवून लिहिलं : सौ. कांचन मुरलीधर वाघचौरे. विवाहाची तारीख, २६ फेब्रुवारी १९७९. लगेच खाली मुलीची जन्मतारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. पेन थोडं अडखळलं, मग तीही तिने ठळक लिहिली. शर्माजींनी फॉर्म घेतला, दोन्ही तारखांवरून नजर फिरवली, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बधाई हो. बिलकुल पक्का."

ते सगळे स्कूटरींकडे निघाले. रत्नावहिनी मागे राहिल्या होत्या, बोर्डापुढे; कांचन त्यांच्यापाशी गेली. नोटीस काढलेली होती. त्या जागी टाचण्यांची चार भोकं दिसत होती.

"ह्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत. पेन्शनच्या फॉर्मातही पत्नीचा रकाना असतो," त्या बोर्डाकडे पाहतच म्हणाल्या. "तीस दिवस म्हणजे फार नसतात, नाही गं?"

कांचनने पर्समधून लाल मण्याचा आकडा काढला आणि त्यांच्या अंबाड्यातल्या रिकाम्या जागी खोचला.

"मी येत जाईन ना एक दिवसाआड," ती म्हणाली. "भाजी तर आणायचीच असते."