पिशवीत राहिलेली शर्यत

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर, गोधड्यांच्या ओझ्याखाली, काळे जाड रबर दिसले तर दचकू नका. मी एक जुना वेटसूट आहे. थंड पाण्यात लांब पोहणारी माणसे मला अंगात चढवतात. मी त्यांना ऊब देतो आणि थोडेफार तरंगतेही ठेवतो.

कारखान्यात रबराचे तुकडे चिकटवून आणि शिवून मला घडवले, तेव्हाच माझा स्वभाव ठरून गेला. ताणले की मला मिटावेसे वाटते आणि नुसते टांगून ठेवले की कोणीतरी ताणावे असे वाटते. स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. माझ्या पहिल्या मालकाने मला दोनदा घातले आणि विकून टाकले. मग मी जिच्याकडे आलो, तिचीच ही गोष्ट.

ती दातांच्या कवळ्या बनवत असे. दिवसभर दिव्याखाली मान वाकवून मेणात एकेक दात बसवायचा आणि घासून घासून तो शेजारच्या दाताशी जुळवायचा, हे तिचे काम. तलावावरचे सोबती तिला ‘कवळीबाई’ म्हणत. ती हसून आपले स्वतःचे खरे दात दाखवी. वयाची पन्नाशी उलटल्यावर तिने एका अवघड शर्यतीचा ध्यास घेतला होता. आधी तलावात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचे, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची आणि मग बेचाळीस किलोमीटर धावायचे. हे सारे एकाच दिवसात, ठरलेल्या वेळेच्या आत.

तिची थोरली बहीण तिच्याबरोबरच राहत असे. सगळे तिला ताई म्हणत. ताई कपडे शिवायची आणि तिला पोहता येत नव्हते. या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळतात आणि आमची ही गुडघ्यांना शर्यतीला नेते, असे ती गिऱ्हाइकांना सांगायची. पण माझा खांदा फाटला तेव्हा जाड सुई घेऊन बसली तीच.

पहिल्या वर्षी आमची फजिती झाली. शेकडो माणसे एकदम पाण्यात घुसली. कोणाची तरी टाच कवळीबाईच्या तोंडावर बसली आणि तिचा श्वास अडकला. ती दोन्ही हातांनी माझी कॉलर ओढू लागली. मला सैल व्हायचे होते, पण रबराला ते कुठून जमणार? शेवटी तिला नावेत ओढून घेतले. लोक म्हणाले, सूट घट्ट असेल. घरी येऊन तिने मला न्हाणीघरात टांगले आणि दार लावून घेतले.

पुढचे वर्षभर आम्ही दोघेही बेचैन होतो. दर सुट्टीच्या दिवशी ती मला तलावावर नेई. खोल पाण्यात मुद्दाम थांबायचे, उताणे व्हायचे, श्वास सावरला की पुन्हा निघायचे, हेच ती घोटत राही. ताई काठावर टॉवेल घेऊन बसे. तिची नजर पाण्यावरून हलत नसे.

पुन्हा शर्यतीची सकाळ उजाडली. ताईने माझी पाठीवरची चेन वर ओढली आणि धाकटीच्या कानाशी वाकून म्हणाली, “भीती वाटली तर उताणी हो. आभाळ कुठं पळून जात नाही.”

पहिल्या वळणाआधीच भीती आली. माझ्या आत तिची छाती भात्यासारखी हलू लागली. तिचा हात कॉलरकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि ती उताणी झाली. तेवढा वेळ मी तिला धरून ठेवले. आयुष्यात मी एवढेच काय ते केले, मित्रांनो! मग ती वळली आणि थेट काठापर्यंत पोहत गेली.

काठावर तिने मला सोलून काढले, एका पिशवीत कोंबले, गाठ मारली आणि ती सायकलकडे पळाली. माझी शर्यत तिथे संपली. तिची तर जेमतेम सुरू झाली होती.

त्या पिशवीत मी किती तळमळलो म्हणून सांगू! बाहेर चाकांचा आवाज येई, कर्ण्यावरून नावे पुकारली जात, पण काही धड ऐकू येत नसे. रुग्णवाहिका वाजली की वाटे, तिच्याचसाठी असेल. दुपार कलल्यावर ताईने येऊन पिशवी घेतली आणि ती धावण्याच्या रस्त्याकडेला फुटपाथवर बसली. मी तिच्या मांडीवर ठिबकत होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला ती धाकटीबद्दल विचारत होती.

बऱ्याच वेळाने ओळखीची पावले आली आणि आमच्याजवळ थांबली.

“ताई, पायात काही उरलं नाही गं. सायकलवरच सगळं संपलं.”

ताई मला घेऊन उठली. मग म्हणाली, “मग रिकाम्या पायांनी चल. मी पण येते.”

बाहेरच्या माणसाला शर्यतीच्या रस्त्यावर मनाई होती. म्हणून धाकटी रस्त्यावरून आणि थोरली फुटपाथवरून, अशा त्या निघाल्या. निघताना ताईने मला पाणी वाटणाऱ्या एका बाईकडे सोपवले. पावलांचा आवाज लांब गेला आणि मी मागेच राहिलो.

संध्याकाळी ती बाई मला विसरून गेली. मग हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत, एकेकट्या बुटांच्या आणि चष्म्यांच्या ढिगात मी पडून राहिलो. अंगाला कुबट वास येऊ लागला. पण वासापेक्षा तो एकच प्रश्न मला छळत होता. ती पोहोचली का?

एके दिवशी बहिणीचा सूट मागणारा ताईचा आवाज आला. ती किंचित लंगडत होती. पिशवी देताना तिथल्या माणसाने सहज विचारले, “पोहोचल्या का मग तुमच्या बहीणबाई?”

“पोहोचली की. पण वेळ संपून फाटक बंद झाल्यावर.”

“अरेरे. मग हो?”

“मग काय, दोघींनी बंद फाटकाला हात लावला आणि घरी आलो.”

मला गोड्या पाण्यात तीनदा धुतले. धुताना कवळीबाई शीळ घालत होती. पदक मिळाले नव्हते. पुढे तिचा गुडघा दुखावला, डॉक्टरांनी शर्यती बंद करायला सांगितल्या आणि मी घडी होऊन या फळीवर आलो. आता घडीच्या रेषांवर मला चिरा पडू लागल्या आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या कोणाला घडी घालून कोंबू नका. धुवा, सावलीत टांगा आणि अधूनमधून अंगात घाला. आणखी एक मागणे आहे. जो तुम्हाला पहिल्या पाण्यातून पार करतो आणि मग काठावरच राहतो, त्याला पुढे काय झाले ते येऊन सांगा. चांगले झाले नसले तरी सांगा. तो गाठ मारलेल्या पिशवीत कान लावून बसलेला असतो.