गाठीचं टोक

मी पंपांच्या, पंख्यांच्या जळक्या मोटारी नव्या तारेने भरून देणारा माणूस. पाचवीत शाळेने मला सोडलं आणि मी तांब्याची तार धरली, ती अजून हातात आहे. तर एक दिवस दुपारी बाराला भाचीचा फोन.

"मामा, आत्ताच्या आत्ता ये. तुझा कान हवाय."

भाची इंजिनियर. तिच्या कारखान्यात तिने पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्याने एक डबा केला होता. हॉस्पिटलच्या खाटेशी लावायचा, पेशंटने बटण दाबलं की नर्सशी बोलणं. गंमत अशी, की नेटवर्कची एकच केबल आवाजही आणते आणि वीजही, अठ्ठेचाळीस व्होल्ट. आतली चिप त्याचे पाच करते. चार वाजता हॉस्पिटलच्या मेट्रनबाई बघायला येणार होत्या. डबा चालला नाही, तर तिच्या साहेबांचं जुनं मॉडेल जाणार, विटेएवढ्या अ‍ॅडॅप्टरसकट. आणि भाचीची मेहनत खणात.

मी गेलो. डब्याचा हिरवा दिवा लागायचा, विझायचा. सोबत बारीक टिक, टिक.

"चिपच खराब आहे," ती म्हणाली. "दोन बदलल्या. काढता-घालता दोन्ही मेल्या. ही शेवटची, नवीन यायला आठ दिवस."

"खराब असती तर उठलीच नसती. ही उठतेय आणि चक्कर येऊन पडतेय. हिला खायला कोण देतं?"

तिने कागद पसरला. बघता बघता तिचाच हात कपाळावर गेला. उठण्यापुरता घोटभर करंट चिप केबलमधून घेते. पुढे तिला स्वतःचे बारा व्होल्ट लागतात. चिपवाल्यांच्या नकाशात ट्रान्सफॉर्मर होता, त्यावर चिपसाठी तारेचे वेगळे वेढे होते. डबा पातळ करायला भाचीने ट्रान्सफॉर्मर काढून साधी एक कॉइल बसवली.

"मामा, मी हिचं ताटच उचललं रे!"

"सगळ्यांना वाढतेय बिचारी, आणि स्वतः उपाशी. कॉइलवरच दुसरी तार भरू. किती वेढे आहेत?"

"वीस. त्यावर पाच व्होल्ट."

"म्हणजे व्होल्टाला चार. बाराचे अठ्ठेचाळीस, आणि वीज एकाच दिशेने सोडणारा डायोड वाटेत थोडी खातो, त्याचे तीन. एक्कावन्न."

तिने कॅल्क्युलेटर अर्ध्यात ठेवून दिला.

मी भरायला बसलो. साहेब डोकावले. "मोटारवाले मामा आले का? आता डब्याला पंखाही बसवणार?"

"तुमचं डोकं तापलं तर बसवू की," मी म्हणालो. ते गेले.

तार भरताना सुरुवातीच्या टोकाला गाठ मारायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय. एक्कावन्न झाले. मी म्हणालो, "गाठीचं टोक डायोडला."

"नाही मामा, दुसरं. माझ्या कागदावर डायोडच्या टोकाची खूण, हा ठिपका, इकडे आहे."

"तुझा ठिपका कालचा, माझी गाठ चाळीस वर्षांची!"

"आणि चिप एकच आहे," ती शांतपणे म्हणाली. "टोक उलटं लागलं, तर पाचाऐवजी केबलच्या अठ्ठेचाळीसातून पाच वजा, त्रेचाळीसच्या मापाने वाढलं जाईल. फुटेल ती. भांडायचंच कशाला? आत्ता चिपला बारा व्होल्ट बाहेरून पाजू. तुझी तार डायोडपर्यंतच, पुढे नुसता मीटर. मीटर सांगेल कोण खरं."

पोरगी माझ्यापेक्षा हुशार आहे हे मला ठाऊक होतं. पण इतकी?

गाठीचं टोक लावलं. मीटर बघतो तर एकशे नऊ.

मी मीटरवर टिचकी मारली. पुन्हा एकशे नऊ.

"काय म्हणतोय मीटर, मामा?"

"गप. बदल टोक."

बदललं. बारा, वर थोडं. मग तार चिपला जोडली आणि तिने बाहेरची वीज काढली. दिवा लागलेलाच. टिकटिक बंद. आम्ही दोघं पाच मिनिटं त्या दिव्याकडे बघत बसलो.

चारला मेट्रनबाई आल्या. उंच, चष्मा गळ्यात. त्यांनी केबल उपटली, लावली, पुन्हा उपटली. प्रत्येक वेळी दिवा लागला तो लागलाच राहिला. अर्धा तास बटण दाबून बोलत होत्या. मग साहेबांच्या अ‍ॅडॅप्टरकडे बोट करून म्हणाल्या, "ही वीट माझ्या भिंतीवर नको. हे पातळवाले दहा द्या."

साहेब म्हणाले, "देतो की." दुसरं म्हणणार काय!

उरलेल्या नऊ कॉइल मीच भरल्या. गाठ आता शेवटच्या टोकाला मारतो. महिन्याने नवीन बोर्ड छापून आले, तेव्हा भाचीने एक माझ्या हातात ठेवला. डायोडपाशी, जिथे ठिपका असायचा, तिथे तिने बारीकशी गाठ छापली होती.

"हे काय गं?"

"मामाला ठिपका दिसत नाही ना," ती म्हणाली.