तळाला रबराची कडी असलेलं भांडं

कोरोनाने विमानं बंद केली आणि मी परदेशात, क्लेटनला मुलाकडे अडकले. त्यात डाव्या हाताने दगा दिला. अर्धांगाचा झटका छोटाच होता, पण बोटांत जोर उरला नाही. कणीक मळायला घेतली की परात ओट्यावर गरगर फिरायची आणि मी तिच्यामागे. श्रीनाथ म्हणायचा, "आई, राहू दे ना." त्या 'राहू दे'ची मला भयंकर चीड यायची.

मग सुनेने, मयूराने, जुन्या वस्तूंच्या ऑप शॉपमधून पिवळं प्लॅस्टिकचं भांडं आणलं. "डॅनिश आहे आई, विंटेज!" मी नाक मुरडलं. पण करणाऱ्याने डोकं लावलं होतं. तळाला रबराची कडी, त्यामुळे तिरपं केलं तरी जागचं हलत नाही. एका बाजूला अंगठा नीट बसेल अशी मूठ, समोर ओतायला चोच. थोड्याच दिवसांत मी एका हाताने कणीक मळू लागले.

"आता पुण्याला एकटी राहीन," मी जाहीर केलं. स्वतःचं जेवण स्वतः करता आलं तरच जायचं, ही श्रीनाथचीच अट होती. मोजकी विमानं पुन्हा सुटू लागली होती, त्यातलं एप्रिलचं तिकीट निघालं. तेवढ्यात पुण्याच्या बातम्या बिघडल्या. बेड नाही, ऑक्सिजन नाही. मी टीव्ही बंद केला आणि बॅग भरायला घेतली.

रविवारी श्रीनाथ म्हणाला, आज कोशिंबीर मी करतो. काकडी चोचवायच्या आधीच त्याने कढल्यातली धुरावलेली फोडणी माझ्या रिकाम्या भांड्यात ओतली. तड् झालं. काठापासून तळापर्यंत चीर गेली.

"अरे, फोडणी वरून घालतात! आणि तीही प्लॅस्टिकमध्ये?"

"सॉरी, लक्षातच..." तो थांबला. प्लॅस्टिकच्या कारखान्यात इंजिनिअर आहे तो. "नाही आई. मला माहीत होतं."

"श्री, सिरियसली?" मयूरा ओरडली.

माझा हात उठलाच होता. "तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं तर ऐकतेस? तिकडे तुला काही झालं तर मला येताही येणार नाही, आई." आणि माझा चाळिशीचा घोडा ओट्याशी उभा राहून रडायला लागला.

राग गेला नाही. पण त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. "कॅन्सल कर तिकीट," मी म्हटलं.

मग फुटक्या भांड्याची कडी एका हाताने ओढून काढली, धुतली आणि पर्समध्ये टाकली. विमानं सुरळीत झाली की स्टीलच्या पातेल्याला बसवीन. मग ओत म्हणावं, किती फोडण्या ओततोस ते.